चौथ्या पेटीतली खापरं

गोदावरीकाठची एक टेकडी कुणा साहेबाने बारा वर्षांपूर्वी खणली आणि कंटाळून पेट्या भरून ठेवल्या. त्यांतल्या हजारो वर्षांच्या मडक्यांची चित्रं काढायचं काम छत्तीस साली माझ्याकडे आलं. नाशकातल्या घरीच मी ते करत असे. खापरं धुवायची, अंगणात टोपलीत वाळवायची, प्रत्येकावर शाईने आकडा घालायचा आणि मग कागदावर उतरवायची.

चौथ्या पेटीतली खापरं कमी भरू लागली. रोज एक. मी मुळात तापट. शेजारच्या पोरांनी खेळायला नेली म्हणून त्यांचे कान पिळले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

त्याच पेटीत दोन मडकी तोंडाला तोंड लावून जशीच्या तशी होती. अशी का बसवली असतील, हे विचारायला मी झिपरू कुंभाराला बोलावलं. त्याने वरचं मडकं उचललं, आतल्या मातीत बोट घातलं आणि हात झटकून मागे सरला.

"खंडेराव, ह्ये घरात ठिवू नका. लेकरू हाय ह्याच्यात."

मी वाकून पाहिलं. नखाएवढा जबडा, माशाच्या काट्यांसारख्या बरगड्या. माझी पाचावर धारण बसली. त्या पेटीतली बाकीची खापरंही अशाच जोडमडक्यांची होती. त्यांना चिकटलेली माती मीच या हातांनी धुतली होती. आणि घरात अंबूला सातवा महिना, लग्नानंतर नऊ वर्षांनी, पहिल्यांदाच. सगळं सांगून तिला आजच दिंडोरीला माहेरी पोचवायचं ठरवलं आणि आत गेलो.

अंबू कोठीच्या दाराआड बसली होती. ओठांना तांबडी भुकटी, हातात कुरतडलेलं खापर. त्यावर माझा आकडा अर्धाच उरला होता.

"रागावू नका," ती म्हणाली. "मातीचे डोहाळे लागलेत."

"मग कुंभाराकडची भाजकी माती मागायची!" भीतीने माझा आवाज चिरकला.

"शेजारच्या वत्सलाबाईंनी आणली होती. त्या मातीने काही होत नाही." तिने माझा हात पोटावर ठेवला. "चार दिवस झाले, एरवी हे हलतच नाही. हे खाल्लं की हलतं. बघा."

तिने खापर चावलं. दातांखाली कर्रकन वाजलं. आधी काहीच झालं नाही. मग माझ्या तळहाताखाली जोरात लाथ बसली.

खापर संपलं आणि पोट पुन्हा निपचित झालं. मी हात न काढता बराच वेळ वाट पाहिली. अंबू माझ्याकडे बघत होती. तीही घाबरली होती. मी उठलो, अंगणात गेलो, टोपलीतलं सगळ्यांत मोठं खापर निवडलं आणि काही न सांगता तिच्या हातात दिलं.