शुक्रवारची शर्यत, शनिवारची यंत्रं

तुइलोमा मामांचं एक म्हणणं आहे, आणि ते त्यांच्या तोंडावर खोडून काढायची सालेआवा गावात कुणाची छाती नाही. म्हणणं असं, की लांब बोट निम्मी वल्ह्यांनी चालते आणि निम्मी गावाच्या ओरडण्याने. पंचेचाळीस माणसं वल्ही मारताना आपलं शरीर विसरतात, तेव्हा किनाऱ्यावरून आपल्या माणसाचा आवाज आला, तरच पुढचं वल्हं पाण्यात पडतं. मामा स्वतः तेरा वर्षं बोटीचे कप्तान होते, त्यामुळे बोलायचा अधिकार त्यांचाच.

यंदा कप्तान त्यांची मुलगी एतेविसे. ध्वजदिनाची शर्यत शेजारच्या बेटावर, पागोच्या बंदरात, आणि आमच्या गावाची बोट एकोणीस वर्षांनी तिकडे गेलेली. जवळपास सगळं गाव निघालं, नि नेमकं मामांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, विमान नाही, बोट नाही, खुर्चीत बसून राहा.

"रेकॉर्डिंग दाखवते की तुम्हाला," मी म्हणाले, तर म्हातारा माझ्यावर असा उखडला की विचारू नका.

"झालेल्या शर्यतीला ओरडून काय करू, मोएलागी? मेलेल्याला औषध पाजतेस का तू?"

"बरं, मग फोनवर ऐकवते."

"मला वल्ही दिसायला हवीत. दिसल्याशिवाय कुठल्या क्षणी ओरडू? ती पोर पहिल्यांदा सुकाणूवर उभी राहणार, आणि तिचा बाप इथे मुक्याने बसणार?"

माझी एक वाईट खोड आहे, तोंड आधी उघडतं आणि डोकं मागाहून. गावाच्या सभेत, सगळ्या ज्येष्ठांसमोर, मी उभी राहून सांगून टाकलं, की शर्यत घडत असतानाच मामांना दिसेल. नुसती त्यांना नाही, ऑकलंडपासून अलास्कापर्यंत सालेआवाचं जे जे माणूस आहे त्या सगळ्यांना दिसेल. सभेत टाळ्या पडल्या. घरी येऊन मी पाणी प्यायले.

आता आमचं काम सांगते. मी आणि माझा धाकटा दीर पेलेनातो, दोघांचीच कंपनी, घडत असलेलं चित्र हजारो लोकांपर्यंत पोचवणारी, अपियात एक खोली. आमच्याकडे मोठी यंत्रं नाहीत, ती भाड्याने मिळतात, क्लाउडमध्ये, सिडनीला. माणसाने जाऊन चालू करायची नसतात. एक फाइल लिहायची आणि तिच्यात सगळं बजावून ठेवायचं: यंत्र केवढं हवं, किती हवीत, कुठल्या शहरात, कुठले दरवाजे उघडे आणि कुठले बंद, जागं झाल्याबरोबर काय काय करायचं, किती वाजता उठायचं, किती वाजता मिटायचं. फाइलमध्ये जे आहे ते होतं. जे नाही ते होत नाही, तुम्ही कितीही डोकं आपटा. गेल्या वर्षी आम्ही एकाच यंत्रावर दुसरी एक शर्यत दाखवायला गेलो, आणि पाच मिनिटांत ते आडवं झालं. म्हणून यंदा चोवीस यंत्रं, मोठ्या आकाराची, सकाळी सातला उठणारी. शर्यत आठला. यंत्रांना तयार व्हायला दहा-बारा मिनिटं पुरतात, तरी एक तास राखून ठेवला होता.

पेले कॅमेरा घेऊन गुरुवारीच पागोला गेला. शनिवारी सकाळी साडेसहाला माझ्या खोलीत पंधरा माणसं चटईवर, मधोमध खुर्चीत मामा, भिंतीवर मोठा पडदा. माझ्या जावेने कोको आणि पानीकेकेचे तळलेले गोड गोळे फिरवले. मामांनी काही घेतलं नाही. गावाच्या बोटीचा लाल सदरा घालून ते पडद्याकडे बघत बसले होते, पडदा काळा असताना.

सात वाजले. एकही यंत्र उठलं नाही.

सात वाजून पाच मिनिटं. शून्य. मी मनात म्हटलं, सिडनीवाले आळशी आहेत, येतील. सव्वासातला मी एकेक ओळ तपासायला बसले. आत शिरायची किल्ली तपासली, बरोबर. शहर तपासलं, बरोबर. उठायची वेळ, सात. सगळं जिथल्या तिथे, आणि यंत्रं मात्र गाढ झोपेत. मी पेलेला फोन लावला. त्याच्या फोनचा कॅमेरा फुटून सहा महिने झाले, नाहीतर मी त्यातूनच दाखवून मोकळी झाले असते.

"पेले, काही उठत नाहीये."

"वहिनी, थट्टा करू नका. इथे धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. अख्खं बेट लोटलंय, शुक्रवारची सुट्टी ना."

"कसला शुक्रवार? शनिवार आहे."

"तुमच्याकडे शनिवार. इथे शुक्रवार. सतरा तारीख."

तोवर फाइल माझ्यासमोर उघडीच होती. तारखेच्या ओळीत अठरा. आणि तिच्याखाली एक ओळ, जी मी कधी लिहिलीच नव्हती: घड्याळ पागोचं.

"पेले," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "घड्याळाची ओळ तू बदललीस?"

"हो, बुधवारी. शर्यत पागोत, मग वेळही पागोची नको का? सतरा तारीख, सात वाजता, पागोचं घड्याळ. चोख."

"आणि काल संध्याकाळी मी ते सतरा बघितलं. म्हटलं, सतरा तर आजच, या गाढवाने तारीख चुकवली. मी अठरा केली."

हा घोटाळा आमच्याच लोकांना सुचावा. अपिया आणि पागो, मध्ये विमानाचा जेमतेम अर्धा तास, दोन्हीकडे घड्याळात तेच सात वाजतात, म्हणून आम्ही आपसात बोलताना वेळ सांगतो आणि तारीख सांगतच नाही. पण मधून तारीख बदलायची रेषा जाते, आणि ते आमच्या एक दिवस मागे. पेलेने त्यांच्या हिशेबाने दुरुस्त केलं, मी आमच्या हिशेबाने, आणि दोन दुरुस्त्या मिळून यंत्रं उद्या सकाळी उठणार होती. तेव्हा बंदरात कुणी नसतं, सगळे गुडघेदुखीची मलमं शोधत असतात.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हणाले. "आणि इथे तर दोन बैल."

"वहिनी, शिव्या नंतर द्या. बोटी रांगेला लागतायत."

मी अठराचं सतरा केलं. उत्तर आलं, ही वेळ उलटून गेली आहे. बरोबरच होतं त्याचं, सात वाजून पंचवीस मिनिटं झालेली. मी वेळेची ती सगळी ओळच उडवली आणि हुकूम सोडला, आत्ता उठा. उत्तर आलं, या आकाराची यंत्रं सध्या शिल्लक नाहीत. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. पाच-दहा मिनिटं मी तेच बटण दाबत बसले होते, जणू बटणाला माझी दया येणार आहे. मग माझ्या तोंडून जे काय निघालं, ते ऐकून चटईवर बसलेल्या पाद्रींच्या बायकोने मानच फिरवली.

"काय झालं गं?" मामांनी विचारलं.

"मोठी यंत्रं संपलीयत, मामा. लहान आहेत."

"मग लहान घे. दुप्पट बसव."

"ते इतकं सोपं नसतं."

"का नसतं? आमच्या बोटीत पंचेचाळीस जण सगळे काय राक्षस होते? निम्मे तर लुकडे होते. एका तालात ओढलं म्हणजे झालं. तुझी एका तालात ओढतात का?"

ओढतात. तेच तर त्यांचं काम. मला मामांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. आकाराच्या ओळीत लहान लिहिलं, आकड्याच्या ओळीत अठ्ठेचाळीस. हुकूम सोडला. नाकारला. का, तर कमाल मर्यादा चोवीस. कुणी घातली ही मर्यादा? मीच घातली, महिन्यापूर्वी, पेलेने उत्साहाच्या भरात शंभर यंत्रं उठवू नयेत म्हणून. मर्यादा साठ केली. आठला बारा मिनिटं कमी होती.

एक यंत्र उठलं. मग चार. मग अकरा. माझी जाऊ माझ्या खांद्यावरून मोठ्याने मोजायला लागली, तिच्यामागून सगळी खोली. सत्तावीस, अठ्ठावीस, चौतीस. मी म्हटलं, गप्प बसा, मला काम करू द्या, आणि मीच सगळ्यांत मोठ्याने मोजत होते. अठ्ठेचाळीस झाली तेव्हा खोलीत असा गलका उठला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मामा तेवढे शांत. "दिसतंय कुठे?" म्हणाले.

दिसत नव्हतं, कारण जागं झालेल्या यंत्राला तोंड धुवायला वेळ लागतो, आणि लहान यंत्राला मोठ्याहून जास्त. आठ वाजले. पेलेने फोन गर्दीकडे धरला. बार उडाला, आणि तिकडच्या हजारो लोकांची किंकाळी आमच्या खोलीत आली.

"सुटल्या," पेले ओरडला. "वहिनी, सुटल्या."

मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तोंड उघडलं आणि मिटलं. काय ओरडणार, कुठे बघून ओरडणार? मला त्यांच्याकडे बघवेना. सभेत मारे छाती काढून बोलले होते मी. मुलीची बोट पाण्यात होती आणि बाप मुका बसला होता, अगदी ते म्हणाले होते तसाच, आणि ते माझ्यामुळे. मी फोन बंद केला. त्या आवाजाने त्यांना नुसता त्रास होत होता.

आठ वाजून नऊ मिनिटांनी पडदा निळा झाला. मग पाणी झाला. मग बोटी.

सात बोटी, आमची लाल पट्ट्याची, चौथी. सुकाणूवर एतेविसे, पाय फाकवून, वेणी उडतेय. आणि मामांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी जन्मात ऐकलेला नाही. कमरेत टाके असलेल्या सत्तरीच्या माणसाचा तो आवाज नव्हताच.

"ओढ," ते म्हणाले. "ओढ. ओढ. डावीकडचे झोपलेत, एतेविसे, डावीकडच्यांना उठव. ओढ."

सगळी खोली त्यांच्या तालात. पाद्रींची बायकोही. मी एक डोळा यंत्रांवर ठेवून होते. साडेसहा हजार माणसं बघत होती, आणि अठ्ठेचाळीस लुकडी एका तालात ओढत होती, एकही धापा टाकत नव्हतं. बोट तिसरी झाली. मोठ्या वळणाला एतेविसेने आतली बाजू धरली, मामा खुर्चीतून अर्धे उठले, मी त्यांना खांदा दाबून बसवलं, आणि बोट दुसरी झाली. आता पुढे फक्त निळी बोट, अर्ध्या लांबीचा फरक, आणि रेषेला वीस-पंचवीस वल्ही बाकी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पेले.

मी फोन उचलायला गेले आणि तशीच थांबले. चित्र वाटेत अडखळू नये म्हणून आम्ही ते जरा साठवून पुढे सोडतो, तीस सेकंद. फाइलमध्ये ते तीस मीच लिहिलेत. पडद्यावर वीस वल्ही बाकी होती, पण पागोत शर्यत संपली होती. पेलेला निकाल माहीत होता, म्हणून तर तो फोन करत होता. आणि माझे मामा, गळ्याच्या शिरा फुगवून, झालेल्या शर्यतीला ओरडत होते.

मामांनी माझ्याकडे वळून बघितलं. "कोण आहे? हे आत्ताच चाललंय ना गं?"

"आत्ताच, मामा," मी म्हणाले. "पुढे बघा."

फोन चटईखाली सारला आणि त्यावर बसले. तो माझ्याखाली थरथरत होता. निकाल मला हवा असता तर एका बोटाच्या अंतरावर होता. नको होता मला. मी यंत्रांवरचा डोळाही काढून घेतला आणि ओरडायला लागले, घसा फाटेस्तोवर, शर्यत संपल्याचं मला ठाऊक असताना. ओढ, एतेविसे, ओढ.

निळ्या बोटीचं नाक आधी गेलं. आमचं नंतर, फार तर दोन हात मागे. एकोणीस वर्षांनी, दुसरे. खोलीत रडणं आणि हसणं एकदमच सुरू झालं, जाऊ माझ्या गळ्यात पडली, पडद्यावर एतेविसे सुकाणूवर वाकून धापा टाकत होती.

मामांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मग आवाज बसलेला, जेमतेम ऐकू येईल असा, पण टोमणा मात्र धारदार:

"दोन हात. फक्त दोन हात कमी पडले. सुरुवातीची नऊ मिनिटं मला ओरडायला मिळाली असती, तर ती पोर जिंकली असती."

तीस सेकंदांचं सगळं गणित माझ्या जिभेवर होतं. बसल्या जागी चटईखाली पुरावा वाजत होता.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणाले, आणि ते मी त्यांचं मन राखायला म्हणत नव्हते.