घरचा आवाज

लगाम सैल सोडून गाडीवानाने दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले, परीक्षकांना नीट दिसतील असे. आता घोडीला नुसत्या तोंडाने हलवायचं होतं. हुकूम तीनच: चल, थांब, मागे. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की दुधाचा कॅन घेऊन गाडीवान जिना चढला, म्हणजे घोडीने खालून हाकेसरशी चार दारं पुढे जायला हवं, नाहीतर मागच्याची वाट अडते. म्हणून ही परीक्षा, आणि ती पास झाल्याशिवाय वस्तीत जनावर जुंपायचा परवाना नाही.

घोडी दोनदा नापास झाली होती. आज तिसरी आणि शेवटची खेप. आज हुकली की कागदावर कायमचा ‘अयोग्य’ असा शिक्का, आणि मग तिला विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वीटभट्टीवाला सकाळीच येऊन तिच्या पायांवरून हात फिरवून गेला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे गेलेलं जनावर चार वर्षांत ओळखू येत नसे.

गाडीवान बोलताना अडखळायचा. लहानपणापासूनच. ‘च’, ‘थ’ आणि ‘प’ तर त्याच्या ओठांशी येऊन ठाण मांडून बसायचे. शाळेत पोरं त्याला अर्ध्या म्हणत. त्यातली निम्मी पोरं पुढे गाडीवानच झाली आणि आज कुंपणाला टेकून उभी होती. त्यांच्या लेखी तो अजून अर्ध्याच होता. चारचौघांत त्याच्या वतीने थोरली बहीण बोलायची. दवाखान्यात ताई, कचेरीत ताई, मुलगी बघायला गेले तेव्हाही ताईच. ती मुलगी म्हणे नंतर म्हणाली, लग्न नक्की कुणाशी करायचंय ते एकदा ठरवून सांगा.

या परवान्यासाठी म्हणून त्याने दोन वर्षं एका बाईंकडे शिकवणी लावली. आधी श्वास सोडायचा, शब्द त्यावर अलगद ठेवायचा, पहिलं अक्षर लांबवायचं. शिकला पठ्ठ्या. ‘चाऽल’ असं लोणी लावल्यासारखं बाहेर पडायला लागलं. बाई खूश, ताईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. घरी घोडीपुढे मात्र त्याने हा आवाज कधी काढला नव्हता. तबेल्यात त्याची गरजच काय? तिथे हसणारं कोण होतं?

म्हणून तर कोडं सुटत नव्हतं. घरी ही घोडी एका शब्दावर सरकायची, थांबायची, खूर उचलून द्यायची. मैदानात आली की ढिम्म. परीक्षक म्हणजे गावातल्याच, जनावरांच्या वयस्क डॉक्टरीणबाई. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी स्वतः तिचे कान तपासले होते. कान ठणठणीत निघाले. मग सगळ्यांनी मिळून घोडीला हट्टी ठरवून टाकलं.

“पहिला हुकूम,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्रत्येक हुकमाला तीन हाका माफ होत्या.

गाडीवानाने श्वास सोडला.

“चाऽल.”

शब्द कसा स्वच्छ निघाला. घोडीने एक कान मागे वळवला, मग दुसरा, आणि उभी राहिली.

“चाऽल.”

आता तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपल्या माणसाचा कोट घालून कुणी परका दारात उभा राहिला, तर आपण बघू तसं. कुंपणापाशी कुणीतरी चुकचुकलं. वीटभट्टीवाल्याने विडी विझवली.

ताई कुंपणाच्या आतल्या बाजूला उभी होती. आज सकाळी ती चहा द्यायला तबेल्याच्या दाराशी गेली होती आणि तिथेच थबकली होती. आत भाऊ खरारा करता करता घोडीशी बोलत होता. थोडंथोडकं नव्हे, चांगला पाव तास. कालचा पाऊस, शेजाऱ्याची सून, ताईचे दुखरे गुडघे, काय काय. दर चार शब्दांना अडत होता, आणि अडतोय याचं त्याला काही वाटत नव्हतं. कागदावर घोडीचं नाव हंसा. ते त्याने मुद्दाम निवडलं होतं, कारण ‘ह’ त्याला अडत नसे. आत मात्र तो तिला पाकोळी म्हणत होता. प-प-प-पाकोळी. प्रत्येक ‘प’ला ती शेपटी हलवत होती. आपल्याशी हा आयुष्यात एवढं बोलला नाही, हे ताईला तेव्हा लागलं होतं. त्याहून जास्त काहीतरी होतं, ते तिला आत्ता, या क्षणी, लख्ख कळलं.

सांगावं तर गावासमोर भावाची शोभा. गप्प राहावं तर घोडी जाते. तीस वर्षं त्याच्यासाठी बोलणाऱ्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा शब्द सुचेना.

“घरच्यासारखं बोल,” ती शेवटी म्हणाली.

गाडीवानाने वळून तिच्याकडे पाहिलं. मग कुंपणाकडे, अर्ध्या म्हणणाऱ्या त्या सगळ्या तोंडांकडे. त्याचे कान लाल झाले. बराच वेळ तो घोडीच्या पाठीकडे बघत राहिला; ती पाठ रोज सकाळी तोच घासत होता. मग त्याने खांदे खाली सोडले.

“च... च... च...”

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात घोडीने दुसऱ्या ‘च’ला मान खाली घेतली होती, तिसऱ्याला छाती पट्ट्यात रेलली होती, आणि “चल” पुरं झालं तेव्हा चाकं फिरत होती. एक धक्का नाही. मागे ठेवलेल्या भरल्या कॅनचं झाकणसुद्धा वाजलं नाही.

“थ... थ...”

ती टापा आवरत आली, “थांब”ला थांबली. आखलेल्या रेषेवर, बरोब्बर.

“म... म... मागे.”

तीन पावलं हवी होती. तीन घेतली.

डॉक्टरीणबाई चालत गाडीपाशी आल्या. कॅनचं झाकण उघडून दूध सांडलंय का ते त्यांनी वाकून पाहिलं.

“बाकीच्यांची जनावरं हुकूम आला की दचकून उठतात,” त्या कुंपणाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “याची घोडी आधीच तयार असते. मला असा गाडीवान या मैदानात अजून दिसलेला नाही.”

गाडीवान खाली उतरला. त्याला अभिमान वाटत होता, घोडीचा तर होताच, पण स्वतःचाही, आणि ही दुसरी गोष्ट इतकी नवी होती की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. त्याने ते तिच्या मानेवर ठेवले. वीटभट्टीवाला निघून गेला होता.

परवान्याची खिडकी मैदानाच्या टोकाला होती. घोडीला बाहेरच्या कठड्याला बांधून बहीणभाऊ रांगेत उभे राहिले. नंबर आला तसा कारकुनाने कागद पुढे ओढला.

“घोडीचं नाव हंसा, बरोबर ना?” त्याने सवयीने ताईकडे बघून विचारलं.

ताईने तोंड उघडलं, मिटलं, आणि पिशवीचा बंद उगाच घट्ट करायला घेतला.

“नाही,” गाडीवान म्हणाला. “ते च-चुकीचं लिहिलंय. बदला.”

“मग काय लिहू?”

“प...”

कारकून पेन उचलून थांबला. मागे रांगेत कुणीतरी पाय बदलला. गाडीवानाला घाई नव्हती.

“प... प...”

बाहेर कठड्यापाशी घोडीने मान वर केली. कारकुनाला नाव कळायला अजून वेळ होता; ती केव्हाच खिडकीकडे बघत उभी होती.