दुसरा हात वाचनालयात

थांबा, थांबा! आधी माझ्या चाकाखाली दगड लावा, न्हाईतर बोलता बोलता उतारानं निघून जायचो. हां, आता बराबर. मी फरजानाभाभीचा बांगड्यांचा हातगाडा बोलून राह्यलो. कवाचं सांगायचंय, पण हातगाड्याला कोण विचारतंय? आज तुम्ही थांबलात, तर सगळं ऐकूनच जा.

माझा जन्म शहागडचा. हायवेला लागून ट्रकांची कामं करणारी एक शेड आहे, तिथं एका लोहारानं मला जोडलं. खाली लोखंडी सांगाडा, वर बाभळीच्या फळ्या आणि सायकलची चार चाकं. फरजानाभाभीचा नवरा सिराजोद्दीनभाई मला ढकलत ढकलत वडीगोद्रीपर्यंत घेऊन आला आणि तिथून आत वळून आमच्या गावात. वाटेत ट्रकवाले भोंगे वाजवत होते. मला वाटलं, माझं स्वागतच करून राह्यले! नवा होतो ना, काय कळत होतं मला?

पुढं सिराजोद्दीनभाईचे गुडघे दुखायला लागले आणि माझा दांडा भाभीच्या हातात आला. भाभी म्हंजे बांगड्या भरण्यात एक नंबर. हात कितीही कडक असू द्या, अंगठ्याखाली असा दाबायची की बांगडी सर्रकन वर. आणि तिचा एक नेम होता. एका हातात बांगड्या आणि दुसरा हात भुंडा, अशी बाई तिनं आपल्यासमोरून कधी उठू दिली न्हाई. मापाची बांगडी संपली, तर शेजारच्या गावातल्या मनियाराकडून आणायची. तोवर ती बाई आणि मी, दोघंही तिथंच बसून. भाभी म्हणायची, "अर्ध्या हातानं बाई घरी गेली, तर मी कसली मनियारीन?"

आता तिची लेक नाहिद. अंबडला कॉलेज करून आली आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात कामाला लागली. वाचनालय म्हंजे ग्रामपंचायतीची एक खोली. आत कपाटं, खुर्च्या, लांब टेबल. सगळं चकाचक, कारण वापरायलाच कुणी नव्हतं! दोन-चार म्हातारे पेपर वाचायला यायचे, तेही ओट्यावरच बसायचे. वाचनालयाचे सचिव धर्मराजकाका मनाचे फार चांगले, पण पुस्तकांना असं जपायचे जसं काही लोणचं मुरत घातलंय. कव्हर घालायचे, कपाटाला कुलूप लावायचे आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात.

"काका, बाया येत न्हाईत वाचनालयात," नाहिद एकदा म्हणाली.

"कुणी अडवलंय का त्यांना? दार उघडंच आहे की," काका म्हणाले.

दार उघडं होतं हे खरं. पण दारापर्यंत जायचं तर चहाच्या हॉटेलासमोरून जावं लागतं आणि तिथं दिवसभर गडीमाणसांची बैठक. बाई दिसली की, "कुठं निघाली?" आता "पुस्तक वाचायला" असं सांगायचं, म्हंजे संध्याकाळपर्यंत गावभर हसू. मी गावातली गल्ली न् गल्ली फिरलोय, मला विचारा.

खरी गंमत सुरू झाली ती उषाबाईमुळं. उषाबाईच्या शेतात कापूस. वेचून वेचून हात असे कडक झालेले की बांगडी चढवताना ती ओरडून गल्ली गोळा करायची. एका सुट्टीच्या दिवशी नाहिद सोबत होती. तिच्या पिशवीत वाचनालयाचं गोष्टींचं पुस्तक होतं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही हाताकडं बघूच नका. मी गोष्ट वाचते, तिकडं ध्यान द्या."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. बांगड्या भरताना बाईला ना उठता येतं, ना काम करता येतं. सगळ्या आयुष्यात बाई निवांत बसते ती एवढाच वेळ! उषाबाईचे डोळे मोठे मोठे होत गेले. भाभीनं दोन्ही हात भरून टाकले, तरी तिला पत्ता न्हाई.

"झालं, ऊठ की आता," भाभी म्हणाली.

"थांबा हो भाभी! पुढं काय झालं त्याचं?"

अल्ला कसम, त्या दिवशी माझ्या फळ्यांना पालवी फुटायची बाकी होती!

मंग काय, माझ्या डाव्या अंगाला बांगड्या आणि उजव्या अंगाला पुस्तकं. काकांनी किल्ली काढताना दहादा बजावलं, "धूळ लागू देऊ नको, तेल लागू देऊ नको." लागलीच की दोन्ही! सुट्टीच्या दिवशी आणि वाचनालय बंद झाल्यावर आमची फेरी निघायची. नाहिद वाचायची, भाभी भरायची आणि मी उभ्या उभ्या ऐकायचो. बाया पुस्तकं घरी नेऊ लागल्या. उषाबाई चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षरं विसरलेली. नाहिद दर वेळी तिच्याकडून एक ओळ वाचून घ्यायची. उषाबाई एकेका अक्षरावर अडायची, घाम पुसायची आणि ओळ संपली की जत्रेतलं बक्षीस जिंकल्यासारखी हसायची.

आणि प्रभावतीबाई! त्यांचा नवरा वारलेला. त्यामुळं माझा खडखडाट ऐकला की त्या दार लोटून घ्यायच्या. इतकी वर्षं त्या दारासमोरून मी जायचो, पण थांबायचं कारणच नव्हतं. पुस्तकं आली आणि त्या पहिल्यांदा बाहेर आल्या. माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहून एक पुस्तक उचललं आणि भाभीला म्हणाल्या, "तुमच्या गाड्यावर आता माझ्यासाठी पण काहीतरी आहे." भाभीनं पदरानं डोळे पुसले. मला पण कसंतरी झालं, खरं सांगतो.

मी तर हवेत होतो! वाटायचं, गावाला वाचायला मीच शिकवून राह्यलो. आणि तेवढ्यात धर्मराजकाका घाबरेघुबरे होऊन आले.

"नाहिद, घोटाळा झाला. पंचायतीत ठरतंय की वाचनालयाची खोली खत-बियाण्याच्या दुकानाला द्यायची. म्हणतेत, तिथं कुणी बसतच न्हाई."

"पण काका, निम्मी पुस्तकं लोकांच्या घरात आहेत! बाया वाचून राह्यल्यात."

"घरात काय चाललंय ते सरपंचाला कुठं दिसतंय? त्यांना खुर्च्या दिसतेत, आणि खुर्च्या रिकाम्या. नागपंचमीच्या आधीच्या सोमवारी पंच बघायला येणार हाईत. त्या दिवशी खोलीत माणसं दिसली तर ठीक, न्हाईतर पुस्तकं गोण्यात भरून ठेवा म्हणाले."

गोण्यात! नाहिदचा चेहरा एवढासा झाला. कपाटातल्या कुलपातून सुटलेली पुस्तकं गोणीत जाणार, आणि उषाबाईची ओळ तिथंच राहणार. ती घरोघर फिरली. "मावशी, सोमवारी या हो." सगळ्या "येते, येते" म्हणाल्या. पण हॉटेलासमोरून कशी येणार? एकीची सासू, एकीचा दीर, एकीचं शेत. मला दिसून राह्यलं होतं की कुणी येणार न्हाई. भाभीलाही दिसत होतं. ती नुसती बांगड्या पुसत बसली.

सोमवार आला. पंचमी दोन दिवसांवर, माहेरवाशिणी आलेल्या, गल्लोगल्ली बांगड्या भरायची घाई. नाहिद वाचनालयात बसलेली आणि भाभी माझ्यासोबत फेरीला. उषाबाईच्या अंगणात बाया जमल्या. भाभीनं एकेकीचा, शेवटी उषाबाईचा, उजवा हात हिरव्यागार बांगड्यांनी भरला. मंग बांगड्यांवर फडकं टाकलं आणि माझा दांडा धरला.

"भाभी, डावा हात राह्यला की!" उषाबाई ओरडली.

"माहीत आहे. दुसरा हात वाचनालयात भरीन."

"हे काय बोलून राह्यल्या तुम्ही? एक हात भुंडा घेऊन बसू का मी?"

"बसू नको, चालत ये. आन् नाहिदनं कबूल केलेली ती हरवलेल्या नवरीची गोष्ट पण तिथंच वाचायची आहे आज. इथं बिलकुल न्हाई."

एवढं बोलून भाभीनं मला पुढच्या गल्लीत वळवलं. मी तर थक्क! जिनं सगळ्या आयुष्यात एक बाई अर्धी सोडली न्हाई, ती त्या दिवशी गल्लोगल्लीच्या बायांचा एकेक हात भरत आणि दुसरा सोडत निघाली. "या अल्ला, माफ कर," असं पुटपुटत होती आणि पुढं चालत होती. बाया आल्या न्हाईत तर खोलीही गेली आणि भाभीचं नावही गेलं. सणासुदीला बायांचे हात भुंडे ठेवले म्हणून गाव तिला दारात तरी उभं करेल का?

आम्ही वाचनालयासमोर पोचलो. आत प्रभावतीबाई आधीच येऊन बसलेल्या. भाभी म्हणाली, "तुम्हाला तर मी काही अडवलं नव्हतं."

"मला कशाला अडवायला पाहिजे? मी पुस्तकासाठीच आले," त्या म्हणाल्या.

सरपंच आणि पंच आले. सगळ्या खोलीत वाचायला आलेली एकच बाई. सरपंच धर्मराजकाकांकडं बघून काही बोलणार, तेवढ्यात हॉटेलाकडून गलका ऐकू आला. मी वळून बघितलं, म्हंजे मला वळता येत न्हाई, पण तोंड तिकडंच होतं.

बाया येत होत्या! सगळ्यात पुढं उषाबाई. उजवा हात हिरवा, डावा पदराखाली झाकलेला. मागं तिच्या गल्लीतल्या, त्यांच्या मागं वरच्या आळीतल्या. हॉटेलातला एकजण म्हणाला, "कुठं निघाल्या गं सगळ्या?" उषाबाईनं न थांबता डावा हात बाहेर काढून दाखवला. "हा भरायला! तू भरतोस का?" हॉटेलात हशा पिकला, पण बायांवर न्हाई, विचारणाऱ्यावर. आणि काय सांगू, दोन-तीन सासवा तर स्वतः सुनांना ढकलत आणत होत्या. "चल चल, जल्दी! असला हात घेऊन माझ्या घरात फिरायचं न्हाई!"

खोली भरली. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा बाया सतरंजीवर बसल्या. भाभी बांगड्यांची पेटी घेऊन मधोमध बसली. पण सरपंच काही कच्चे नव्हते. ते काकांना म्हणाले, "ही गर्दी बांगड्यांची आहे, धर्मराजअण्णा. हात भरले की पांगतील. आम्ही थांबतो जरा."

माझं काळीज धडधडायला लागलं. असतं ते, हातगाड्यालाही असतं!

नाहिदनं पुस्तक उघडलं, पण तिचं सगळं ध्यान सरपंचांकडं, ओळच सापडेना. तेव्हा उषाबाईनं पुस्तक ओढून घेतलं. डावा हात अजून भुंडाच होता. त्याच हाताचं बोट ओळीवर ठेवून तिनं सुरुवात केली. "मां... मांडवात... नवरी... नव्हती." थांबली, घाम पुसला, पुढं गेली. कुणी हसलं न्हाई. एखादं अक्षर अडलं की प्रभावतीबाई हळूच सांगायच्या. नवरीची आई रडून राह्यली होती, बाप विहिरीत डोकावत होता, वऱ्हाडी जेवायचं विसरले होते. भाभी एकेकीचा हात भरत सरकत होती. शेवटी तिनं उषाबाईचा डावा हात हातात घेतला आणि ती वाचत असतानाच भरून टाकला. या वेळी उषाबाई ओरडली न्हाई.

"झालं," भाभी मोठ्यानं म्हणाली. "सगळ्यांचे दोन्ही हात भरले. आता ज्यांना घरी जायचं, त्यांनी जा."

सरपंच बघत राह्यले. काका बंडीतली किल्ली चाचपत उभे. मी बाहेर, चाकाखाली दगड, हलायची सोय न्हाई.

कुणी उठलं न्हाई! एकही बाई उठली न्हाई. एक सासू तर सरपंचांनाच म्हणाली, "अहो, दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय. आधी ती नवरी सापडू द्या!"

सरपंचांनी चपला काढल्या आणि आत येऊन सतरंजीच्या टोकावर बसले. पुस्तकाचं पान संपल्यावर ते काकांना म्हणाले, "खताचं दुकान दुसरीकडं बघू. आता थांबू नका, पुढं काय झालं ते वाचू द्या." काकांनी तिथल्या तिथं बंडीतून किल्ली काढली आणि नाहिदच्या हातावर ठेवली.

आता त्या कपाटाला कुलूप नसतं. दुपारी खोली बायांची, संध्याकाळी पोरासोरांची. हॉटेलातले गडी पण आत येऊन बसतेत, आधी नुसते नवरीचं काय झालं ते बघायला आल्ते. माझी चाकं जरा कुरकुरतेत, रंग उडालाय, पण फेरी चालू आहे. फक्त वाचनालयाचं दार अरुंद आहे, मला आत जाता येत न्हाई. मी ओट्याला टेकून उभा राहतो आणि खिडकीतून उषाबाईचा आवाज ऐकतो. आता ती अडत न्हाई.

तर मंडळी, हात जोडता येत न्हाईत म्हणून दांडा झुकवून सांगतो. तुमच्या गावातही असं एखादं वाचनालय असेल, खुर्च्या रिकाम्या आणि पुस्तकं कुलपात. त्याचं दार ढकलून बघा, सोबत एखादीला घेऊन जा.

काय म्हणता? ती नवरी कुठं होती?

ते सांगायला मी काय येडा आहे का! एक हात मी भरला तुमचा. दुसरा वाचनालयात.