व्याही जेवत नाही

गुरुवारी संध्याकाळी सत्यजीत गुप्ते कामावरून आला तो चपला न काढता थेट बाल्कनीत गेला आणि वाडग्यात डोकावला. सकाळची दूधपोळी तशीच होती. फुगून ती आता वाडग्याच्या काठावरून बाहेर बघत होती. कुत्रा भिंतीकडे बघत होता.

चार दिवस झाले होते. कुत्र्याच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

कुत्र्याचं नाव व्याही. ते सत्यजीतने ठेवलेलं नव्हतं. गेल्या रविवारी जुन्या पनवेलातल्या एका मंगल कार्यालयात सुनीताच्या मावसभावाचं लग्न होतं. सत्यजीत-सुनीताची मुलगी इरा, वय वर्षं आठ, जेवणं झाल्यावर मागच्या आवारात गेली ती हा तांबडा, एक कान पडलेला कुत्रा घेऊनच परतली. कार्यालयात उष्टी काढणारी ठमाबाई म्हणाली, "न्या की. दर लग्नात भिंतीला टेकून रुसून बसतो, म्हनून आमी त्याला व्याही म्हनतो." नवऱ्या मुलाचे वडील शेजारच्याच नळावर हात धूत होते. ते पुढे एकाही फोटोत हसले नाहीत.

सत्यजीतने कुत्रा आणू दिला त्याला कारण होतं. न्यू पनवेलच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आधी दोन मासे आणि एक पोपट येऊन गेले होते. मासे नऊ दिवस टिकले, पोपट सव्वा महिना. पोपटाला पुरताना इराने विचारलं होतं, "बाबा, आपल्या घरातच काही प्रॉब्लेम आहे का?" या खेपेला प्राणी जगेल, असा शब्द सत्यजीतने तिला दिला होता. तो तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. महिन्याला चारशे सॅम्पलं पास-नापास करणाऱ्या माणसाला एक कुत्रा पास करता येऊ नये?

"काही खाल्लं?" त्याने आत ओरडून विचारलं.

"तू दर दहा मिनिटांनी विचारतोस म्हणून तो खाणार आहे का?" सुनीता स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज तीनदा फोन केलास. तिसऱ्या वेळी मी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला."

"मग?"

"काही बोलला नाही."

सत्यजीतने भिंतीवरचा तक्ता काढला. वार, वेळ, अन्न, प्रतिक्रिया असे चार रकाने. सोमवारी दूधभात, मंगळवारी उकडलेली अंडी, बुधवारी कलेजीचं सूप. प्रतिक्रियेच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. सूपच्या वेळी व्याहीने शेपटी एकदा हलवली होती, तिथे 'नाही (?)' असं होतं. तो तक्ता घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागला. सात पावलं जायची, सात यायची. इरा सोफ्यावर बसून त्याच्याकडे डावीउजवीकडे मान फिरवत बघत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे उदयसिंह घोरपडे आले. त्यांच्याकडे सुलतान नावाचा डॉबरमन होता आणि बोलायला दुसरा विषय नव्हता.

"गुप्ते, कुत्रं म्हणजे पोटचं पोर. आमच्या सुलतानला सकाळी दोन अंडी, संध्याकाळी खिमा, अन् रविवारी हे." त्यांनी दुबईच्या मेहुण्याने पाठवलेला डबा पुढे केला. डब्यावर एक पांढरं कुत्रं हसत होतं.

डबा उघडला. घरभर असा वास सुटला की सुनीताने गॅस बंद करून बघितला. व्याहीने चित्रातल्या कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं. आतल्या अन्नाकडे पाहिलं नाही.

"गावठी पोट," उदयसिंह म्हणाले, सुनीताने दिलेला चहा अर्धा तसाच ठेवून उठले आणि डबा परत घेऊन गेले.

पशुवैद्याने तासाभरात व्याहीला तपासलं. दात चांगले, ताप नाही, पोट मऊ. "आजार काही नाही. पण आणखी दोन दिवस उपाशी राहिला, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." रिक्षात इराने व्याहीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती बोटं मोजत होती. नऊपर्यंत मोजून थांबत होती.

शुक्रवारी सत्यजीतने रजा टाकली आणि स्कूटरवरून तक्त्यासकट मंगल कार्यालय गाठलं. लग्न नव्हतं. ठमाबाई मागच्या आवारात एका डेगच्यात कमरेपर्यंत वाकून आतून घासत होती. सत्यजीतने डेगच्याच्या काठाशी उभं राहून तक्ता वाचून दाखवला. आतून हसण्याचा आवाज घुमला आणि मग ठमाबाई वर आली.

"एवढं समदं! आनि ह्ये कवा वाढता? तुमी जेवायच्या आधी का मंग?"

"आधी. गरम गरम. पहिल्यांदा त्याला, मग आम्ही."

"अवं दादा, त्याला जलमात कुनी आधी वाढलंय का? पंगत बसते, पंगत उठते, मंग ह्यो उठतो. मानसानं पानात टाकलेलं खातो. तेवढंच आपलं, बाकीचं पावन्यांचं, ह्ये त्याला ठाव हाय. तुमी आधीच वाढलं. त्याला वाटत असंल, जेवनं व्हायचीत अजून." तिने हात पुसले. "पाच दिस झाले, तुमची पंगतच उठत नाय. बिचारा वाट बघत बसलाय."

"म्हणजे उष्टं द्यायचं?" सत्यजीतने तक्ता खाली घेतला.

त्याची अडचण ठमाबाईला कळण्यासारखी नव्हती. गुप्त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी पानात टाकलं नव्हतं. अन्न टाकणारा पुढल्या जन्मी कुत्रा होतो, असं सत्यजीतचे वडील रोज जेवताना सांगत. सत्यजीतला सात वर्षांचा असताना एकदा कारल्याच्या चार फोडींपुढे दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत बसवलं होतं. त्या फोडींची चव अजून तशीच होती, आणि त्याचं ताटही अजून तसंच लख्ख होत होतं.

येताना त्याने बाजारातून पन्नास पत्रावळींचा गठ्ठा आणला. संध्याकाळी हॉलमधलं टीपॉय हलवून तिघांची पंगत मांडली. वरणभात, भेंडी, पोळी. व्याही आपण होऊन आत आला, भिंतीला टेकून बसला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचा उभा कान आणखी उभा झाला.

"बाबा, तो बघतोय!"

"बघू नकोस त्याच्याकडे. पाहुण्यासारखी जेव."

जेवणं झाली. सत्यजीतने खाली बघितलं. पत्रावळ इतकी स्वच्छ होती, की दुकानदाराने परत घेतली असती. इराचीही तशीच, तिने तर काडीला लागलेलं शीतही सोडलं नव्हतं. सुनीताने मात्र ठरवून दोन मुठी भात टाकला होता. सगळे उठले. व्याही उठला. आणि सत्यजीतचा हात वाकून सुनीताच्या पानात गेला, भाताचा गोळा झाला, तोंडात गेला, गिळला गेला.

"सत्यजीत!"

"वाया जाईल म्हणून..." तो म्हणाला. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं.

घाईघाईने त्याने उष्ट्या पत्रावळीवर पातेल्यातला ताजा भात वाढला. व्याहीने त्याच्याकडे पाहिलं. पंगत उठल्यावर वाढायला येणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने बघतात, तशी ती नजर होती. मग तो पुन्हा भिंतीकडे वळला.

शनिवारी दिवसभर सत्यजीत येरझाऱ्या घालत होता. दुपारी सातव्या पावलावर तो थांबला. "चहा!" तो ओरडला. "उदयसिंह अर्धा चहा टाकून गेले होते!"

संध्याकाळी उदयसिंहांना सन्मानाने पंगतीत बसवलं. ते बसले, जेवले, आणि अर्धी पोळी, सगळी भेंडी अन् भाताचा डोंगर तसाच ठेवून उठले. "वहिनी, राग मानू नका, पण भेंडीला आमच्या कोल्हापूरची चव नाही." परक्याच्या पानात सत्यजीतचा हात जाणं शक्य नव्हतं. व्याही उठला, पत्रावळीजवळ गेला आणि पाऊण मिनिटात त्याने सगळं पानासकट संपवलं. इरा सोफ्यावर उड्या मारू लागली. सत्यजीतने तक्त्यात लिहिलं: 'शनिवार, सव्वाआठ, उदयसिंहांचं उष्टं. पास.'

कुत्रा वाचला, पण सत्यजीतच्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. आता उदयसिंह रोज आठ वाजता हात धुऊनच वर येऊ लागले. "आज काय बेत, गुप्ते?" आणि प्रश्न असा होता, की उदयसिंहांना काय घालावं? सोमवारी पिठलं फार चांगलं झालं. त्यांनी पान चाटून टाकलं आणि व्याही उपाशी राहिला. मंगळवारी सुनीताने आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं. उदयसिंहांनी सगळं टाकलं, पण व्याहीनेही हुंगून मान फिरवली. दोघांची जीभ एकच निघाली.

"निम्मंच आवडेल असं रांधायचं म्हणजे साधी गोष्ट नाही," सुनीता मिठाचा चमचा हवेत धरून म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा मी साधारण स्वयंपाक करायला शिकतेय."

"तो तर तुला आधीपासून..." सत्यजीत म्हणाला आणि बाल्कनीत निघून गेला.

पुढच्या शनिवारी उदयसिंह पानावरून उठता उठता म्हणाले, "उद्यापासून मी नाही हं. पुतण्याचं लग्न. पंधरा दिवस कोल्हापूर. सुलतानही येतोय."

दार लागलं. इराने विचारलं, "पंधरा दिवस म्हणजे माशांपेक्षा जास्त ना, बाबा?"

रविवारी मटण होतं. सुनीताने तीन पत्रावळी मांडल्या आणि सांगून टाकलं, "मी टाकणार नाही. मी टाकलं की तूच संपवतोस. इराला तू शिकवलंयस. आज तू टाक."

सत्यजीतने नळी शेवटी ठेवली होती. लहानपणापासून ती तो शेवटीच ठेवत असे. आधी रस्सा, मग भात, मग सगळ्यांकडे एकदा बघून नळी. त्याने ती उचलली. आत मगज दिसत होता. खाली ठेवली. पुन्हा उचलली. भिंतीजवळ व्याही बसला होता, अगदी सरळ, कसलीही घाई नसलेल्या माणसासारखा. त्याच्या बरगड्या अजून मोजता येत होत्या. इराने डोळे मिटून घेतले होते.

सत्यजीतने नळी पत्रावळीच्या मधोमध ठेवली, शेजारी थोडा भात लोटला, आणि उठला. दोन पावलं गेल्यावर त्याचा उजवा हात मागे वळू लागला, तसा डाव्या हाताने त्याने तो मनगटाशी पकडला आणि स्वतःला ओढत मोरीपर्यंत नेलं. नळ पूर्ण सोडला. तरी ऐकू आलंच. कडाड्कन.

तो बाहेर आला तेव्हा व्याही दोन पायांत नळी धरून, मान वाकडी करून आतला मगज चाटत होता. त्याला ते फार चांगलं जमत होतं.

"बाबा," इरा हळूच म्हणाली, "आता तू पुढच्या जन्मी कुत्रा होणार?"

"हो. बहुतेक."

"मग तुला काय घालायचं खायला?"

सत्यजीतने पत्रावळीकडे पाहिलं.

"नळी," तो म्हणाला. "पण तुमची जेवणं झाल्यावर."