खालची ओळ माझी नाही

मी एक फोटो बोलतोय. फोनमधला आहे, म्हणून मला फाटण्याची भीती नाही. माझी भीती निराळी आहे.

माझा जन्म जयपूरच्या दुर्गापुरा स्टेशनाबाहेर झाला. रेल्वेतून निवृत्त झालेले शेषराव आपल्या नातीला, छोट्या गार्गीला, खांद्यावर टाकून निघाले होते. फुगा उडून गेला म्हणून तिनं भोकाड पसरलं होतं. शेजारी तिची आजी, द्वारकाबाई, हसत होत्या. सून उत्कर्षानं तेवढ्यात मला टिपलं.

उत्कर्षा जवळच्याच सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवते. बातम्या, जाहिराती, फोटो यांतली चिन्हं कशी वाचायची, हा तिचा विषय. एके दिवशी तिनं आजीचा भाग कापून मला वर्गातल्या पडद्यावर लावलं आणि मुलांना माझ्याखाली एकेक ओळ लिहायला सांगितलं. कुणी लिहिलं, 'आजोबांची लाडकी'. कुणी लिहिलं, 'मुलं पळवणारा शहरात, सावध राहा'. वर्ग चपापला. शेषरावांचा मघाचा दमलेला चेहरा आता सगळ्यांना क्रूर दिसू लागला.

"माणूस तोच आहे," उत्कर्षा म्हणाली. "ओळ बदलली आणि आपली नजर बदलली."

धडा छान रंगला. पण कुणीतरी गंमत म्हणून मला त्या ओळीसकट मित्राला पाठवलं. तिथून मी कुठकुठे गेलो, मलाच कळेना. ज्या फोनमध्ये उघडायचो, तिथली बोटं घाबरून मला पुढे ढकलायची.

आणि एका सकाळी भाजीबाजारात शेषरावांना कुणीतरी ओळखलं. गार्गी त्यांच्या कडेवर होती. बघता बघता माणसं जमली. एकानं फोन त्यांच्या गालाला भिडवला. त्या फोनमध्ये मी होतो. त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली.

"बच्ची किसकी है?"

"मेरी पोती है, भैया."

"झूठ." कुणीतरी त्यांची कॉलर धरली. गार्गी रडत म्हणाली, "आबा, घरी चला." तिचं मराठी कुणाला कळेना, तसा संशय आणखीच वाढला. मला ओरडायचं होतं. फोटोला तोंड कुठलं?

ओळखीच्या औषधवाल्या गोपीनाथनं दोघांना दुकानात ओढून घेतलं आणि उत्कर्षाला फोन केला. ती धापा टाकत आली. तिनं मला अख्खा दाखवला, आजीसकट. "देखिए, ये फोटो मैंने खींचा है."

एकानं बराच वेळ निरखलं. मग म्हणाला, "मॅडम, ये भी तो बनाया हुआ हो सकता है."

पोलिस आले तेव्हाच गर्दी पांगली.

घरी ती सासऱ्यांच्या पायाशी बसली. "बाबा, माझ्यामुळं झालं."

"तू शिकवलंस ते खोटं नव्हतं, पोरी," शेषराव म्हणाले. "पण आता बाहेर पडायला पाय धजत नाहीत."

तेव्हापासून गार्गीला बागेत आजीच नेते.

उत्कर्षानं मला आपल्या फोनमधून पुसलं. तरी काल मी दुसऱ्याच शहरात, एका आईच्या हातात उघडलो. ओळ तीच होती, फक्त गावाचं नाव बदललेलं. तिचा अंगठा उचलला गेला आणि माझा जीव गोळा झाला.

उद्या कदाचित मी तुमच्याकडे येईन. मला पुढे पाठवू नका. तुमच्या हातातच मला मरू द्या.