‘खरकटं’ घासून काढल्याची गोष्ट

घाण करणाऱ्यांनी या जगाचे जितके नुकसान केले, त्याहून कांकणभर अधिक स्वच्छता करणाऱ्यांनी केले आहे. पण हे दत्तप्रसादला कोणी सांगितले असते तर त्याने ते हसण्यावारी नेले असते. त्याचा धंदाच मुळी निर्मळपणाचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका बोळात, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, त्याचा ‘निर्मल ध्वनी’ नावाचा स्टुडिओ होता, आणि तिथे शिरलेला कोणताही आवाज शिरला तसा बाहेर पडला नव्हता. भजनी बुवांचा खोकला तो काढून टाकी, ढासळलेला सूर बखोटीला धरून जागेवर बसवी, आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांच्या आवाजात, मुळात नसलेला, थोडासा प्रामाणिकपणाही घाली. काम चोख. उणीव एवढीच, की इतक्या वर्षांत त्याने घडवलेले काहीही कोणी आपण होऊन दुसऱ्यांदा ऐकले नव्हते. साड्यांच्या सेलची जाहिरात पुन्हा ऐकू या, असे म्हणणारा माणूस अद्याप जन्मायचा होता. दत्तप्रसादला हे ठाऊक होते, आणि पायात मोडलेल्या काट्यासारखे ते त्याला चालता चालता मधेच टोचे.

ऋता त्याची धाकटी बहीण. वयाने इतकी धाकटी, की तिला त्याने बहिणीपेक्षा शुद्धलेखनासारखे वाढवले. कोल्हापुरात वाढलेल्या मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात तशी तीही म्हणे, आणि हा तिला ‘येते, जाते’ असे दुरुस्त करी. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची, अजूनही ‘मी येतो’ म्हणायची आणि गिटार वाजवून गायची. बेस वाजवायला क्रांती नावाची मैत्रीण होती, आणि ड्रमवर कसबा बावड्याचा राजवीर. राजवीरच्या घरी म्हशींचा धंदा. पोराला कामातून सुटका मिळे ती फक्त धारांच्या वेळी, आणि तीही गोठ्यापुरतीच; त्यामुळे बँडची तालीम वर्षभर गोठ्यात, म्हशींच्या मागे, वैरणीच्या पेंढ्यांवर बसून चालली. राजवीरचे चुलते केरबाआप्पा धारा काढता काढता पहिला महिनाभर शिव्या देत राहिले. मग अचानक थांबले. का थांबले, हे कोणी विचारले नाही.

त्याच गोठ्यात तिघांनी नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली. यंत्र म्हणजे वडिलांचा जुना टेपरेकॉर्डर, सुंभाने आढ्याला टांगलेला. त्याच्या खाली जे जे वाजले ते ते टेपेत गेले. अल्बमचे नाव ऋताने ‘खरकटं’ ठेवले. घरातल्या वडीलधाऱ्यांना या नावाचे जे वाटले, त्याविषयी न लिहिणेच सभ्यपणाचे.

एका दुपारी ऋता ती टेप घेऊन स्टुडिओत आली. तिने भावाकडे आजवर काहीही मागितले नव्हते. मागितले की दुरुस्त होऊन मिळते, हा अनुभव.

“दादा, हे कॉम्प्युटरवर घेऊन दे. गाणी एकापाठोपाठ एक लाव, आवाज सारखे कर. बाकी काही करू नकोस.”

दत्तप्रसादने तिला विचारले, की कव्हरच्या मागे माझे नाव घालशील का? विचारताना तो एका वायरीचा गुंता सोडवत होता, म्हणजे प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटावा.

“काय केलंस म्हणून घालू?”

“ते बघू,” तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने टेप लावली. आधी नुसतीच खरखर, मग पत्र्यावर कावळ्याची पावले, राजवीरचे ‘हं, चल की’, आणि मग ऋताचा आवाज. तो सुरात नव्हता. सुराकडे निघालेला होता, आणि वाटेत त्याला धाप लागली होती. लांबून शेतावरचा पंप सुरू झाला, तर क्रांतीने बेस मुकाट्याने त्याच्या घुमण्याला जुळवून घेतला. गाण्याचे शब्द असे होते:

पत्र्याला एक भोक आहे, भोकाएवढं आभाळ आहे;
तेवढ्यात माझं भागतंय, बाकी सगळं फार आहे.

‘फार आहे’ला एक म्हैस हंबरली. ऋताला हसू फुटले, तिने ते गिळले, आणि पुढची ओळ त्या गिळलेल्या हसण्यासकट गायली. दत्तप्रसादने टेप मागे नेली आणि गाणे पुन्हा ऐकले. आपण हे दुसऱ्यांदा ऐकतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. ध्यानात आले ते निराळेच: एवढे चांगले गाणे, आणि त्यावर केवढी घाण!

विद्वत्तेचे हे जुने दुखणे आहे. जिवंत काही सापडले की ती आधी साबण शोधते.

आठवडाभर त्याने साड्या आणि बुवा बाजूला सारले. खरखर पुसली. कावळा उडवला. पंप बंद केला. धापा एकेक करून वेचून काढल्या, ज्वारीतले खडे काढावेत तशा. ऋताचा प्रत्येक सूर त्याने नेमक्या जागी नेऊन बसवला, राजवीरच्या अडखळत्या ठोक्यांना सरळ रांगेत उभे केले, आणि शेवटी म्हैस काढली. हे सारे त्याने निव्वळ मायेने केले, हे इथे सांगितलेच पाहिजे. क्रूरपणाने केले असते तर इतके नीट जमले नसते. ऋताला मात्र कळवले नाही. अल्बम पहिल्यांदा वाजणार होता गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर. तिथे स्वतःचे मोठे स्पीकर नेऊन बहिणीला चकित करायचे आणि मग कव्हरवर नाव, असा त्याचा बेत होता.

दूधकट्टा कोल्हापूरकराला समजावून सांगायचा नसतो. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईक समोर उभे राहते, आणि कासेतली धार थेट पेल्यात पडते. तापवणे नाही, गाळणे नाही. फेसासकट कोमट पेला तोंडाला लावायचा आणि मिशीवरचा फेस मनगटाने पुसायचा. दत्तप्रसाद लहानपणापासून इथे येत होता, आणि पिशवीतल्या दुधाला ‘पांढरं पाणी’ म्हणत होता. या दोन गोष्टींची सांगड त्याने कधी घातली नव्हती.

त्या संध्याकाळी केरबाआप्पा चंद्रीला घेऊन आले होते. चंद्री म्हणजे त्यांची सर्वांत दुभती म्हैस. अल्बमात हंबरली होती ती हीच. भोवती तालमीतले पैलवान, क्लास सुटलेली पोरे, आणि हातात रिकामे पेले घेतलेली नेहमीची मंडळी. दत्तप्रसादने स्पीकर लावले आणि कळ दाबली.

गाणे स्वच्छ वाजले. इतके स्वच्छ, की ते कोणाचेही असू शकले असते. लोकांनी माना डोलावल्या आणि गप्पा पुढे सुरू केल्या; एकाने विचारले, की कुठल्या दुकानाची जाहिरात हाय? ऋताने आधी स्पीकरकडे पाहिले, मग भावाकडे. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त गिटारची पिशवी खांद्याला लावली, उठायच्या बेताने.

“माझा आवाज कुठाय, दादा?” तिने विचारले.

तेवढ्यात कट्ट्यावर निराळाच पेच पडला होता. केरबाआप्पा कास चोळत होते, थापटत होते, आंबोणाची पाटी पुढे सरकवत होते, चंद्री निर्विकार. थेंब नाही.

“पान्हा चोरायली व्हय रं?” कोणीतरी डिवचले. “आप्पा, म्हस हाय का फोटू?”

केरबाआप्पांनी मान वर केली. वर्षभर पोटात ठेवलेले गुपित आता सांगणे भाग होते, आणि ते त्यांना मुळीच आवडलेले दिसले नाही. “ह्या पोरांचा गोंगाट असल्याबिगर सोडत न्हाय ती,” ते म्हणाले. “सवय लागलीया. म्हून तर गप बसलो की मी.”

“आप्पा, गाणं चालूच हाय की,” राजवीर म्हणाला.

“ह्ये?” केरबाआप्पांनी स्पीकरकडे बोट केले. “ह्ये तुमचं हाय?”

कट्टा हसला. आपल्याकडे एक म्हण आहे: गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती गाढवावर हसण्यासाठी वापरत आलो. कालचा गोंधळ खरोखरच बरा असू शकेल, ही शंका कोणाला शिवली नाही. दत्तप्रसादला ती त्या क्षणी, पेले धरून ताटकळलेल्या एवढ्या लोकांसमोर, शिवली. टेप स्टुडिओत देण्याआधी ऋताने ती मोबाइलसमोर वाजवून मूळ गाणी त्यात उतरवून ठेवली होती. मोबाइल मागायला हात पुढे करण्यासाठी त्याला चार पावले चालावी लागली, आणि उभ्या आयुष्यात तो इतके अवघड चालला नव्हता.

“दे,” तो म्हणाला. “जसं आहे तसं लावतो.”

ऋताने मोबाइल दिला. त्याने वायर खोचली.

स्पीकरमधून आधी खरखर आली, पाठोपाठ कावळा. ‘हं, चल की.’ राजवीरचा ठोका अडखळला, सावरला आणि धावत सुटला. मग ती धापा टाकणारी, सुराकडे निघालेली ऋता. गप्पा एकेक करून थांबल्या. एका पैलवानाने पेला खाली ठेवला. ‘बाकी सगळं फार आहे’ला स्पीकरमधली चंद्री हंबरली, आणि कट्ट्यावरच्या चंद्रीने कान टवकारून तिला हंबरून उत्तर दिले. केरबाआप्पांच्या हातातून धार सुटली. पेल्याच्या तळावर ती अशी वाजली, की राजवीरने समोरची उलटी बादली ओढून तिच्यावर तोच ठेका धरला. क्रांती हसत सुटली. ऋताने खांद्यावरची पिशवी उतरवली, गिटार काढली, आणि स्वतःच्याच ध्वनिमुद्रणाबरोबर गाऊ लागली. थोडी पुढे, थोडी मागे. दुसऱ्या वेळी तो आभाळाचा चरण पैलवानांनी उचलला, तोही त्यांना जमेल त्या सुरात, म्हणजे कोणत्याच नाही.

दत्तप्रसादच्या खिशात स्वतःचा मोबाइल होता. आवाज टिपून घ्यायची सवय हाताला असते. त्याने तो सुरू करून पुन्हा शर्टाच्या खिशात टाकला, आणि केरबाआप्पांनी पुढे केलेला पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत त्याने ते ऐकले. गर्दी, बादली, दूध, बहीण. आणि सगळ्याच्या वर, खिशाच्या कापडाला घासत, एक धपधप. ती ओळखायला त्याला वेळ लागला. हात आपसूक पुसण्याच्या कळीवर गेला. हा दोष काढणे म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ. मग त्याच्या ध्यानात आले, की ही आपली छाती आहे; आणि गाणे जिथे सुटले तिथे तीही सुटली आहे, ठोका चुकवून.

त्याने गाणे पुन्हा ऐकले. या वेळी ध्यानात घेऊन. मग ते होते तसे ऋताला पाठवले आणि सोबत लिहिले, की दहावे गाणे म्हणून चालेल का.

चालले. ‘खरकटं’ आता गावभर ऐकले जाते. जिममध्ये, रिक्षात, आणि कसबा बावड्याच्या गोठ्यात तर रोज. शहाणी माणसे विचारतात, की यात एवढे काय आहे, आवाजसुद्धा धड नाही. विचारतात आणि घरी जाऊन पुन्हा लावतात. कव्हर छापून आले तेव्हा ऋता ते घेऊन स्वतः स्टुडिओत आली. मागच्या बाजूला सर्वांची नावे होती, चंद्रीचेही. सर्वांत खाली, बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘दहाव्या गाण्यातला ढोल, आणि हात न लावल्याबद्दल आभार: दत्तप्रसाद.’

त्याने ते वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

“चल, मी येतो,” ऋता दारातून म्हणाली.

“ये,” दत्तप्रसाद म्हणाला.