चार नंबरची टाकी

“मावशी, चार नंबरनं कमाल केली!” शीतल मॅडम कागद नाचवत शेडमध्ये शिरल्या, तेव्हा बानूबाई टाकीच्या तळातली घाण नळीनं ओढत होती. तिच्या हातातली नळी निसटली.

किनाऱ्यापासून दूर, चांद्याजवळच्या या मत्स्यसंशोधनाच्या शेडमध्ये समुद्र मिठाच्या गोण्यांतून येतो. आठ टाक्यांत जिताडे मासे, आणि प्रत्येक टाकीचं खाद्य वेगळं. खाल्लेल्यातलं किती अंगी लागलं, हे माशांच्या विष्ठेवरून ठरतं. शिकल्यासवरल्यांना त्यासाठी यंत्र लागतं. बानूबाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला. लेंडी बघून ती जनावराचं पोट सांगायची.

चार नंबरच्या खाद्यात मासळीची भुकटी नव्हती, नुसतं सोयाबीन. नेमकं कशावाचून अडतं, तेच मॅडमना बघायचं होतं. महिन्याभरात तिथले मासे काळवंडले, कोपऱ्यात निपचित राहू लागले. धनगराच्या घरात अशक्त कोकराला दुसऱ्या मेंढीच्या आचळाला लावतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बानूबाईनंही कुणाला विचारलं नाही. रोज सकाळी एक नंबरच्या, मासळीची भुकटी घातलेल्या खाद्याच्या पोत्यातल्या दोन मुठी ती चार नंबरमध्ये टाकू लागली. मासे उजळले. म्हातारी इतकी हरखली, की भाकरीसुद्धा टाकीच्या काठावर बसून खायची.

“नुसत्या सोयाबीनवर असे वाढले!” मॅडम म्हणाल्या. “आता हेच खाद्य कोकणात सगळीकडे जाईल. लाखो माशांना.”

बानूबाईच्या डोळ्यांपुढे लाखभर काळवंडलेले मासे उभे राहिले. ती गप्प बसली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“न्हाई वो बाई, पाठवू नगा,” ती म्हणाली. “म्या चारलंय त्यास्नी. एक नंबरचं. लई वंगाळ दिसत व्हते.”

मॅडमनी कागदावरच्या चार नंबरच्या आकड्यांवर काट मारली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “चार नंबर रिकामा करावा लागेल, मावशी. सोमवारी नवी पिल्लं सोडू. खाद्य हेच.”

“आन् हे?”

“यांनी काय काय खाल्लं, ते आता सांगता येत नाही. यांचा उपयोग नाही.”

“मंग म्या नेते घरी.”

“घरी कुठला समुद्र, मावशी? लवंगेच्या तेलाच्या पाण्यात घालू. झोपेतच जातील. आपल्या मदतनीस ओमला सांगते मी, तुम्ही बाहेर बसा.”

“ओम नगं. परका हात बघून बुजत्यात.” बानूबाईला रडू फुटलं. “म्याच जगवलं, आन् म्याच मारलं की वो!”

तिनं पदरानं तोंड पुसलं, बादली जवळ ओढली, जाळी उचलली आणि टाकीवर वाकली. तिची सावली पडताच पंचवीसच्या पंचवीस मासे वर आले, तोंडं उघडून. जाळीची गरजच पडली नाही.